लॉर्ड बर्ली : हौशीपणाचा खर्च



अमळनेरला बोलायला यायचं तर विषय तत्त्वज्ञानाचा हवा, निदान साने गुरुजींचा तरी हवा, असा एक संकेत आहे. मी आज एका इंग्रज सरदारपुत्राबद्दल बोलणार आहे. तो अडथळ्यांच्या शर्यती पळायचा आणि पळणं थांबल्यावर त्यानं तीस वर्षं जगाच्या ॲथलेटिक्सचा कारभार पाहिला. पण विषय तुमच्या गावाला वाटतो तितका परका नाही. श्रीमंत प्रतापशेठांनी १९१६ साली इथं तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, तेव्हा अभ्यासकांना राहायला जागा दिली आणि शिष्यवृत्तीही दिली. माणसानं निवांत विचार करावा असं वाटत असेल तर त्याच्या पोटापाण्याची सोय आधी कोणीतरी करावी लागते, हे त्या गिरणीमालकाला पक्कं ठाऊक होतं. पळण्याचंही तसंच आहे. पळणाऱ्याच्या बुटांचे, खुराकाचे, बोटीच्या तिकिटाचे पैसे कोण भरतो, हा प्रश्न धरून मी या माणसाचं चरित्र सांगणार आहे. बाकी पदकं आणि पदव्या त्याच्याकडे इतक्या आहेत की नुसती यादी वाचली तरी तास सरेल.

डेव्हिड जॉर्ज ब्राउनलो सेसिल. जन्म ९ फेब्रुवारी १९०५, इंग्लंडमधल्या स्टॅमफर्ड गावचा. पहिल्या एलिझाबेथ राणीचा मुख्य कारभारी विल्यम सेसिल हा या घराण्याचा मूळपुरुष, आणि त्यानं सोळाव्या शतकात बांधलेला बर्ली हाउस नावाचा प्रचंड वाडा हे घराण्याचं ठाणं. वडील एक्सेटरचे मार्क्विस, म्हणून थोरल्या मुलाला लॉर्ड बर्ली म्हणायचे. १९५६ साली वडील गेल्यावर तो स्वतः सहावा मार्क्विस झाला, पण खेळाच्या जगात बर्ली हेच नाव चाललं, मीही तेच वापरतो. शिक्षण ईटनला, मग स्वित्झर्लंडला, मग केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात. थोडक्यात, आयुष्यात अडथळा म्हणून जे काही आलं ते त्यानं स्वतः मैदानावर मांडून घेतलं.

१९२४ साली साने गुरुजी इथल्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी एकोणीस वर्षांचा बर्ली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ११० मीटर अडथळ्यांत उतरला आणि पहिल्याच फेरीत बाद झाला. श्रीमंत घरचा मुलगा, हौस फिटली, परत आला, असं व्हायला काही हरकत नव्हती. तसं झालं नाही. या माणसाबद्दल मला कुतूहल वाटायला लागलं ते इथपासून.

त्याच्या सरावाची एक गोष्ट सांगतात. अडथळ्याच्या वरच्या फळीवर तो आगपेटी ठेवायचा. उडी मारताना पुढच्या पायानं आगपेटी उडवायची, पण फळीला पाय लागता कामा नये. म्हणजे पाय फळीवरून जायचा तो बोटभर उंचीनं, त्याहून वर नाही आणि खालीही नाही. अडथळ्यांच्या शर्यतीत उंच उडी मारणारा हरतो, कारण हवेत घालवलेला वेळ पळण्यातून वजा होतो. त्यात त्या काळचा अडथळा उलट्या टीसारखा, जडशीळ होता. आज पाय लागला की पुढे कलंडतो तो एलच्या आकाराचा अडथळा १९३५च्या सुमारास आला. बर्लीच्या वेळी तीन अडथळे पाडले तर धावपटू बाद व्हायचा, आणि एक जरी पाडला तरी विक्रम धरला जात नसे. आगपेटीचा खेळ अमीरउमरावांच्या विक्षिप्तपणात जमा करतात, पण तो शुद्ध हिशेब होता.

४०० मीटर अडथळे हा तर हिशेबाचाच प्रकार. दहा अडथळे, प्रत्येकी तीन फूट उंच. पहिला अडथळा ४५ मीटरवर, मग दर ३५ मीटरवर एक, आणि शेवटच्या अडथळ्यानंतर ४० मीटर मोकळे. दोन अडथळ्यांमध्ये पावलं विषम पडली तर दर वेळी तोच पाय पुढे येतो. सम पडली तर दुसऱ्या पायानंही उडी यायला हवी. सहाव्या-सातव्या अडथळ्यापर्यंत मोजणी जमते, मग पाय जड होतात, पाऊल आखूड पडतं आणि सगळं गणित विस्कटतं. या शर्यतीत दमलेल्या माणसाला आकडे मोजावे लागतात. नुसत्या वेगावर ती जिंकता येत नाही.

ॲमस्टरडॅम, १९२८. हेच ते ऑलिम्पिक, ज्यात ध्यानचंदच्या संघानं हिंदुस्थानला हॉकीचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. ४०० मीटर अडथळ्यांचं सुवर्ण तोवर दर वेळी अमेरिकेला गेलेलं होतं. अंतिम शर्यतीत फ्रँक कुहेल होता, आणि पॅरिसचा विजेता मॉर्गन टेलरही होता. बर्ली ५३.४ सेकंदांत पहिला आला, दोघे अमेरिकन त्याच्या पाठोपाठ. हा प्रकार जिंकणारा तो पहिला बिगरअमेरिकन. दोन वर्षांनी कॅनडातल्या हॅमिल्टनला पहिले एम्पायर गेम्स झाले, तिथं त्यानं अडथळ्यांच्या दोन्ही शर्यती आणि रिले मिळून तीन सुवर्णपदकं घेतली.

केंब्रिजमधला एक किस्सा त्याच्या नावावर आहे. ट्रिनिटी कॉलेजच्या मोठ्या चौकाला, घड्याळाचे बाराचे टोले पुरे व्हायच्या आत एक फेरी मारायची. १९२७ साली त्यानं ती मारली. पुढे 'चॅरियट्स ऑफ फायर' या १९८१च्या सिनेमात ही फेरी धावपटू हॅरल्ड अब्राहम्सच्या नावावर दाखवली. बर्लीनं आपलं नाव वापरू दिलं नाही, म्हणून त्याच्यावर बेतलेल्या पात्राला लॉर्ड लिंडसे केलं आणि आगपेटीच्या जागी शॅम्पेनचे भरलेले पेले अडथळ्यांवर ठेवले. सिनेमाला ऑस्कर मिळालं. चित्र देखणं दिसतं, पण आगपेटी गेली आणि तिच्याबरोबर माणसाची मेहनतही गेली. पेल्यांमुळे उरला तो फक्त लॉर्ड.

आता पैशांकडे येतो. १९३१ साली बर्ली हुजूर पक्षाकडून पीटरबरोचा खासदार झाला. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसचं ऑलिम्पिक होतं, तर पार्लमेंटची रजा घेऊन गेला. ४०० मीटर अडथळ्यांत चौथा आला, ११० मीटरमध्ये पाचवा, आणि रिलेत रौप्य मिळालं. त्याच स्पर्धेला फिनलंडचा पावो नुर्मी आला होता. नऊ ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकलेला धावपटू, गरिबीतून वर आलेला. त्याला पळू दिलं नाही. प्रवासखर्चाच्या नावाखाली जास्तीचे पैसे घेतले, म्हणजे तो हौशी नाही, धंदेवाईक, असा आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाचा निर्णय. मला या दोन माणसांना एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात शेजारी उभं करून बघावंसं वाटतं. एकाला जहागीर होती, म्हणून तो खेळासाठी खेळणारा निर्मळ हौशी ठरला. दुसऱ्यानं भाड्याचे चार पैसे जास्त घेतले असतील, तो बाटला. हौशीपणाचा नियम लिहिणाऱ्यांना स्वतःला कधी भाड्याची चिंता पडली नव्हती. बर्ली पुढे ज्या महासंघाचा अध्यक्ष झाला तो हाच, आणि त्याच्या नावातला 'अमॅच्युअर', म्हणजे हौशी, हा शब्द २००१ सालापर्यंत टिकला.

हे मी इंग्रजांना नावं ठेवायला सांगत नाही. आपल्याकडेही पहिलं पाऊल एका धनिकानंच टाकलं. दोराबजी टाटा बर्लीसारखेच केंब्रिजला शिकलेले. पहिलं महायुद्ध संपल्यावर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत त्यांनी खेड्यापाड्यांतली अनवाणी पोरं लांब पल्ल्याला पळताना पाहिली. यांचे वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास आहेत, असं त्यांच्या ध्यानात आलं आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला संघ पाठवायचा त्यांनी ध्यास घेतला, स्वतःच्या खिशातून पैसे घातले. बेळगावकडचा फडेप्पा चौगुले तिथं मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले, म्हणजे पदक एका कुस्तीनं हुकलं. दोराबजी पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य झाले आणि १९२७ साली स्थापन झालेल्या भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे पहिले अध्यक्ष. फरक एवढाच की दोराबजींनी दुसऱ्यांच्या पळण्याचा खर्च उचलला. बर्लीच्या घरानं आपल्या मुलाच्या पळण्याचा उचलला, आणि मग त्या मुलानं दुसऱ्यांनी कोणत्या अटींवर पळावं ते ठरवलं.

तरीही कारभारी म्हणून बर्ली लहान ठरत नाही. १९३३ साली तो आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीवर गेला, १९३६पासून ब्रिटिश ऑलिम्पिक संघटनेचा प्रमुख झाला. मधे युद्धकाळात दोन वर्षं बर्म्यूडाचा गव्हर्नर होता, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. १९४६ साली जागतिक ॲथलेटिक्स महासंघाचं अध्यक्षपद आलं ते १९७६पर्यंत त्याच्याकडेच राहिलं. एकाच खुर्चीवर तीस वर्षं! आपल्याकडच्या क्रीडा संघटनांना आपण उगाच दोष देतो.

त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे १९४८चं लंडन ऑलिम्पिक. आयोजन समितीचा अध्यक्ष तोच होता. युद्ध संपून तीन वर्षं झालेली, शहर बॉम्बनं उद्ध्वस्त झालेलं, कपडे आणि अन्न रेशनवर. पावावरचं रेशनिंग तर स्पर्धेच्या तोंडावर उठलं. तयारीला दोन-अडीच वर्षं होती आणि तिजोरीत खडखडाट. बर्लीच्या समितीनं एकही नवं स्टेडियम बांधलं नाही. वेम्बलीला कुत्र्यांच्या शर्यती व्हायच्या, त्या मैदानावर तात्पुरता ट्रॅक टाकला. खेळाडूंना हवाई दलाच्या छावण्यांत आणि कॉलेजांत उतरवलं. टॉवेल आपापले आणा, असं कळवलं. खायला मिळालं ते अंगमेहनतीच्या कामगारांना मिळणाऱ्या वाढीव रेशनच्या हिशेबानं. ५९ देश आले. जर्मनी आणि जपानला आमंत्रण नव्हतं. आणि सगळं आटोपल्यावर ३० हजार पौंडांच्या आसपास शिल्लक राहिली. ऑलिम्पिक भरवून देश कर्जात बुडाल्याची उदाहरणं आपण पुढे पाहिली, त्या मानानं हा ताळेबंद कपाटात जपून ठेवावा असा आहे. चैनीत वाढलेल्या माणसाला काटकसर इतकी जमली याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. आगपेटीइतकंच अंतर ठेवून अडथळा ओलांडायचा, हे त्याच्या अंगातच मुरलेलं होतं.

या लंडनमध्ये आपलंही बरंच काही आहे. स्वतंत्र भारताच्या हॉकी संघानं १२ ऑगस्टला वेम्बलीवर ब्रिटनचाच ४-० पराभव करून सुवर्ण घेतलं. आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा बावीस वर्षांचा एक पैलवान पहिल्यांदा मॅटवर कुस्ती खेळला. खाशाबा जाधव. लाल मातीत वाढलेला हा गडी तिथं सहावा आला. त्याच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशांची पुन्हा ओढाताण. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका मास्तराचं घर गहाण पडलं तेव्हा स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. ऑलिम्पिकच्या दप्तरात खाशाबाही हौशी आणि बर्लीही हौशीच. रकाना एकच.

लंडनची खरी नायिका मात्र अडथळे पळणारी एक बाई होती. हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कून, वय तीस, दोन मुलांची आई. तिनं चार सुवर्णपदकं जिंकली, त्यात ८० मीटर अडथळ्यांचंही होतं. उंच उडी आणि लांब उडीचा जागतिक विक्रमही तेव्हा तिच्याच नावावर होता, पण बाईनं तीनच वैयक्तिक प्रकारांत उतरायचं असा नियम होता, म्हणून ती उड्यांना उतरलीच नाही. ४०० मीटर अडथळे, म्हणजे बर्लीचा स्वतःचा प्रकार, बायकांसाठी ऑलिम्पिकमध्ये आला १९८४ साली, तो गेल्यानंतर. त्याच्याच अध्यक्षपदाच्या काळात, १९६६ साली बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांपुढे कपडे उतरवून आपण बाई असल्याचं सिद्ध करावं लागलं. या तपासणीच्या मागोमाग आलेल्या नियमांचा त्रास ओडिशाच्या धावपटू द्युती चंदला जवळजवळ पन्नास वर्षांनी भोगावा लागला. बर्ली यात दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. त्याला तो प्रश्नच दिसला नसावा. वाड्यात वाढलेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी दिसत नाहीत, आणि तो सभ्य असला तरी त्यात फरक पडत नाही.

१६ ऑक्टोबर १९६८ची संध्याकाळ. मेक्सिको सिटी. २०० मीटरचा पदकसमारंभ. अमेरिकेच्या टॉमी स्मिथनं सुवर्ण जिंकलंय, १९.८३ सेकंद, जागतिक विक्रम. ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन दुसरा, अमेरिकेचाच जॉन कार्लोस तिसरा. स्मिथ आणि कार्लोस हे दोघे काळे धावपटू पायांत बूट नसताना, नुसत्या काळ्या मोज्यांवर चौथऱ्यावर चढतात. त्यांच्या गळ्यात पदकं घालायला जो उंच, म्हातारा गृहस्थ पुढे येतो तो एक्सेटरचा मार्क्विस, आपला बर्ली. तो वाकून पदकं घालतो, हात मिळवतो, बाजूला होतो. राष्ट्रगीत सुरू होतं आणि वर्णभेदाच्या निषेधात काळे हातमोजे घातलेल्या दोन मुठी वर जातात. शतकातल्या सर्वांत गाजलेल्या छायाचित्रांपैकी ते एक. दोन दिवसांत दोघांना संघातून काढलं, परत धाडलं. ते व्हावं म्हणून हट्ट धरला ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांनी. १९५२ साली याच ब्रंडेज यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बर्लीला हरवलं होतं. बर्ली निवडून आला असता तर त्या दोघांचं काय झालं असतं, असा विचार मी पुष्कळदा केला आहे. फार वेगळं काही झालं नसतं, असंच वाटतं. मुठी वर करणारी मुलं गरीब घरची होती, शिष्यवृत्तीवर शिकत होती, आणि त्यांचं भांडण वर्णभेदाशी होतं. जहागिरीतून ते भांडण ऐकू येणं कठीण.

म्हातारपणी बर्लीचा खुबा निकामी झाला. अडथळ्यांवरून हजारदा उडालेला सांधा, तो झिजणारच. कृत्रिम बसवला, तोही पुढे बदलावा लागला. तेव्हा काढून टाकलेला धातूचा सांधा त्यानं आपल्या मोटारीच्या नाकावर, कंपनीचं चिन्ह असतं तिथं, बसवून घेतला. हा विनोद मात्र अस्सल सरदारी. २२ ऑक्टोबर १९८१ रोजी तो वारला. ऑलिम्पिक समितीचा तो शेवटपर्यंत सदस्य होता.

यानंतरच्या दोन घटना मला त्याच्याच चरित्रातल्या वाटतात. १९८४चा ऑगस्ट, लॉस एंजेलिस. महिलांची पहिली ४०० मीटर अडथळ्यांची ऑलिम्पिक शर्यत. केरळातल्या पय्योलीची पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत चौथी आली. तिसरीचा वेळ ५५.४१. पहिली आली मोरोक्कोची नवाल अल-मुतवक्किल, आणि ती पुढे ऑलिम्पिक समितीची उपाध्यक्ष झाली. उषा २०२२ साली राज्यसभेत गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात दोराबजींच्या खुर्चीवर, भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्षपदी बसली. अडथळे पळणारा माणूस खासदार आणि मग खेळाचा कारभारी, हा बर्लीचाच रस्ता झाला, फक्त या दोघींच्या मागे वाडा नव्हता. त्याच ऑगस्टात, उषाची शर्यत होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, खाशाबा जाधव रस्त्यावरच्या अपघातात गेले. पोलीस खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, जिवंतपणी अर्जुन पुरस्कारही न मिळालेले.

आज आपल्या महाराष्ट्रात अडथळ्यांवरून उड्या मारणारं मोठं नाव म्हणजे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेसची, पण अडथळ्याची उंची तीच, बर्लीच्या वेळची, तीन फूट. शेतकऱ्याचा मुलगा, सैन्यात भरती झाला, तिथं धावायला लागला. २०२२ साली राष्ट्रकुलात रौप्य मिळवलं, २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावला. त्याचा खर्च सैन्यानं आणि सरकारनं उचलला. म्हणजे तुमच्याआमच्या करातून.

त्याच पॅरिसला, बर्ली पहिल्या फेरीत बाद झाला त्याला बरोबर शंभर वर्षं झाल्यावर, त्याच्या जुन्या महासंघानं ॲथलेटिक्सच्या प्रत्येक सुवर्णविजेत्याला रोख बक्षीस द्यायला सुरुवात केली. पुरुषांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत अमेरिकेच्या राय बेंजामिननं ४६.४६ सेकंदांत जिंकली. बर्लीपेक्षा जवळजवळ सात सेकंदांनी कमी. पदकाबरोबर त्याला ५० हजार डॉलर मिळाले आणि कोणी त्याला धंदेवाईक म्हणालं नाही. नुर्मीला घरी पाठवणारा महासंघ तो हाच. बर्लीला हे रुचलं नसतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.